मधला टेकू

१९५७ साल. मी तेव्हा तेहेतीस वर्षांचा होतो. बायको हिवतापानं गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि घरात मी, दोन बैल आणि एक भाकड म्हैस एवढीच माणसं उरलो होतो. बैलांना माणसं म्हटलं म्हणून कोणी हसू नये. दिवसभरात ज्यांच्याशी बोलणं होतं ती माणसं, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

आमचा गाव बोर्ली पंचतन आणि म्हसळा यांच्या मधे, डोंगराला टेकून. सगळी वाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे आणि माझं एकट्याचं घर पलीकडे. बापानं ते तिकडं बांधलं, कारण आमची भाताची खाचरं तिकडं. थोरला भाऊ लग्न झाल्यावर वाडीत राहायला गेला, मी राहिलो. उन्हाळ्यात व्हाळ म्हणजे नुसते दगड, कोणीही चपला न भिजवता यावं. पण पावसाळ्यात तो असा फुगतो की बैलसुद्धा त्याच्याकडे बघून मागं सरतो. मग जाणं-येणं साकवावरून. साकव म्हणजे दोन काठांवर टाकलेला झाडाचा सोट आणि धरायला बाजूनं बांबू. एवढीच करामत. पण तो नसला तर व्हाळ उतरेपर्यंत मी एका मुलखात आणि माझी माणसं दुसऱ्या मुलखात.

आदल्या पावसानं माझ्याकडचा काठ बराच खाल्ला होता. व्हाळ रुंद झाला, जुना सोट पुरेना. त्यावरून वैशाखात दादाच्या ओट्यावर बोलणं निघालं.

"पावसापुरता आमच्या पडवीत ये," दादा म्हणाला. "बैल बी आण. तिकडं एकटा काय करनार हायस?"

"भात लावनार हाय."

"नि बोलनार कुनाशी?"

वहिनी आतून म्हणाली, "भावोजी, मानसाला कायतरी टेकू लागतो."

टेकू! त्या वर्षी तो शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले होते. दुसरं लग्न कर, संसाराला टेकू होईल. पडवीत ये, जिवाला टेकू होईल. आमच्याकडे भिंत कलली की तिला वासा लावतात, तो टेकू. मी वहिनीला म्हटलं, "मी काय कललेली भिंत हाय?" ती म्हणाली, "भिंत बरी. भिंत उलट बोलत न्हाय." दादा हसून हसून खोकला. मी तसाच उठून घरी आलो आणि बांधावरचा किंजळ तोडायला काढला. मोठा, सरळ, माझ्या बापाच्या आधीपासूनचा. नवा सोट मी माझ्या झाडाचा घालणार होतो. पावसात कोणी माझ्या अंगणात येणार की नाही, हे सगळं त्या एका सोटावर होतं, आणि ते मला वाडीला कळू द्यायचं नव्हतं.

आता मास्तरांचं सांगतो. आमची शाळा एका मास्तराची. त्या हिवाळ्यात जे मास्तर आले ते घाटावरचे, पन्नाशीच्या पुढचे. बायको-मुलं तिकडं वर. वाडीत त्यांना कोणी त्रास दिला नाही, पण त्यांच्याशी बोलायलाही कोणाला सुचत नसे. भाकरी ज्वारीची मागतो, मासा बघून तोंड वळवतो, असा माणूस. पहिल्यांदा माझ्याकडे आले ते पाणी मागायला. दुसऱ्यांदा आले तेव्हा पाणी मागितलं नाही, नुसते बसले. तेव्हा मला कळलं, हे बोलायला आलेत.

त्यांच्या काखेत एक पुस्तक असायचं. इंग्रजी, पुठ्ठा सुटलेला, मेणकापडात बांधलेलं. मी चौथीतून उठलेला. मराठी वाचतो ते बोट ठेवून. मी विचारलं, "पोथी कसली?"

"पोथी नाही रे गड्या. तीनशे वर्षांवरचं पुस्तक आहे, परमुलखातलं. मूळ भाषा वेगळी, हे इंग्रजी केलेलं. ज्यानं लिहिलं तो म्हातारा होता. सरकारदरबारी नको ते बोलला म्हणून त्याला सांगितलं, तू आपल्या घरातच राहायचं, बाहेर पडायचं नाही. तिथं बसून लिहिलं. छापायला दुसऱ्या देशात पाठवावं लागलं, आणि छापून येईपर्यंत डोळे गेले."

"नि लिवलं काय?"

"तीन माणसं बोलत बसतात. चार दिवस."

"कशावर?"

"पहिल्यांदा, लाकूड का मोडतं यावर."

चार दिवस बोलत बसणारी तीन माणसं, आणि बोलणं लाकडावर! मला ते पुस्तक तिथंच आवडलं. म्हटलं वाचा. त्या दिवसापासून ते रोज दिवस कलायला यायचे, दोन ओळी मनात वाचायचे आणि मराठीत सांगायचे. बोलणं सुरू होतं जिथं गलबतं बांधतात तिथं. मी म्हटलं, म्हणजे आमचं दिघी बंदर. ते म्हणाले, दिघीच समज. लहान होडी टिकते, तिच्याच मापानं सगळं वाढवून मोठी केली तर ती स्वतःच्या वजनानंच मोडायला बघते, असं त्या म्हाताऱ्याचं म्हणणं. घोडा उंचावरून पडला तर हाड मोडतं, मांजर उडी मारून चालू लागते. मुंगीला तर कुठूनही टाका. मी प्रत्येक गोष्टीला आडवा जायचो. "हे काय मला पटत न्हाय," म्हणायचो. मग ते खूश होऊन पुन्हा सांगायचे.

एकदा म्हणाले, "त्या तिघांत एक असाच आहे. जुनं धरून बसणारा. प्रत्येक गोष्टीला आडवा जातो."

"मग तो हरतो काय?"

"हरतो बऱ्याचदा. पण तो नसता तर पुस्तकच झालं नसतं. बाकीच्या दोघांनी बोलायचं कुणाशी?"

हे मी अजून विसरलेलो नाही. मी कुठल्याशा परमुलखातल्या पुस्तकात आहे, असं मला त्या संध्याकाळी वाटलं, आणि मास्तर गेल्यावर ते मी बैलांनाही सांगितलं.

त्याच पुस्तकात खांबाची गोष्ट आहे. संगमरवराचा एक मोठा खांब आडवा ठेवलेला, दोन टोकांखाली दोन ओंडके. कोणी शहाणा म्हणाला, मधे मोडेल हो, मधेही एक टेकू द्या. सगळ्यांना पटलं, टेकू दिला. काही महिन्यांनी खांब मोडला, आणि मोडला तो बरोब्बर मधल्या टेकूवर. का? तर टोकाचा एक ओंडका कुजून खाली बसला. मधला टेकू मात्र होता तसाच राहिला. खांबाचं अर्धं अंग अधांतरी लोंबलं आणि कडकन गेलं.

"म्हंजे टेकवानंच मोडला!" मी जागचा उठलो.

"हळू. टोक खचलं म्हणून मोडला."

"टेकू नसता तर?"

"नसता तर खांब टोकाबरोबर खाली बसला असता."

"मोडला नसता ना?"

"नसता मोडला."

"मग झालं तर!"

मला तीनशे वर्षांचा साक्षीदार मिळाला होता.

सोट ओढायला बैल होते, पण उचलून बसवायला वाडी लागणार होती. माणसं आली. दादाही आला. त्याचा डावा पाय हत्तीपायाचा, तरी दोर धरायला तो पुढं. त्यानं व्हाळाच्या मधोमध उभं राहून सोटाकडं बघितलं आणि म्हणाला, "लांब हाय. हितं मधे दगड रचून टेकू देऊया."

"टेकू न्हाय," मी म्हटलं.

"का?"

मी खांबाची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, म्हातारा, त्याचे डोळे, संगमरवर. माणसं ऐकून घेत होती. मग वाडीतला एक म्हातारा म्हणाला, "त्या खांबावरनं कोन पाचोळ्याचा भारा घेऊन जात व्हता काय?" आणि सगळा व्हाळ हसला. दुसरा म्हणाला, "टेकू नसंल तर आमी त्यावरनं न्हाय येनार. तू नि तुजा खांब."

मी मास्तरांकडं बघितलं. ते काठावर छत्री टेकून उभे होते. मला वाटलं, आता ते बोलतील. ते बोलले. म्हणाले, "घालू दे टेकू. अरे, तुझ्या साकवावरून माणसं यायची आहेत. पुस्तक टेकूला वाईट म्हणत नाही, पुस्तक म्हणतं टोकं सांभाळ. तुझ्याकडचा काठ भुसभुशीत आहे, तिथं आधी खाली खणून बघ."

म्हणजे माझा साक्षीदार त्यांच्या बाजूला गेला. मी अंगणात येऊन दाव्याला पीळ घालत बसलो. खाली दगडावर दगड बसल्याचा आवाज येत होता. दादा आपल्या हातानं रचत होता. त्यांनी सोट बसवला, वाडीकडचं टोक मोठमोठे धोंडे घालून दाबून टाकलं, माझ्याकडचं टोक नुसतं मातीवर ठेवलं, बांबू बांधला. जाताना दादानं हाक मारली, "झाला रे साकव!" मी ओ दिली नाही.

पण साकव झाला तो झाला. पाऊस लागला आणि मास्तर त्याच टेकूवरून माझ्याकडं येत राहिले, पुस्तक सदऱ्याच्या आत धरून. मी त्यांना टेकूवरून एकदाही टोचलं नाही. टोचलं असतं तर ते यायचे थांबतील, ही भीती होती. आम्ही पुढं वाचलं. जड धोंडा आणि हलका धोंडा एकदम सोडले तर दोन्ही जवळजवळ बरोबरच पडतात, यावर मी आषाढभर भांडलो. पडवीच्या आढ्यावरून दोन धोंडे टाकूनही बघितले. मी म्हटलं, मोठा आधी पडला. ते म्हणाले, तू मोठा आधी सोडलास. श्रावणात एकदा आभाळ फारच खाली आलं तेव्हा ते म्हणाले, "आज पुस्तक तुझ्याकडंच राहू दे, भिजेल. उद्या येतो."

पाऊस रात्रभर कोसळला. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. सकाळी मी काठावर गेलो तर माझ्याकडची माती खचून खाली बसली होती. सोटाचं टोक जमिनीला लागतच नव्हतं. मी त्याच्याखालून हात घालून बघितला. हात आरपार गेला. सोट त्या मधल्या टेकूवर आडवा तरंगत होता आणि माझ्या बाजूचं अर्धं अंग हवेत. पुस्तकातली गोष्ट अशी आपल्या काठावर येऊन उभी राहते, हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात समोर दादा दिसला. डोक्यावर इरलं, हातात फडक्यात बांधलेला डबा. सणाचा नारळीभात, वहिनीनं दिलेला. तो सोटावर चढला.

मी ओरडलो, "थांब! येऊ नको! टेकू! टेकू!"

पाण्याचा आवाज एवढा की माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मी दोन्ही हात हलवले. दादानं मान वर करून बघितलं, काहीतरी बोलला आणि पुढंच निघाला. नंतर कळलं, तो काय समजला ते. मी वैशाखापासून एकच रड लावली होती ना, टेकू नको, टेकू नको. त्याला वाटलं, हा सणासुदीलाही तेच घेऊन उभा आहे. तो म्हणाला होता, "बोंबल, बोंबल, खाताना गप बसशील."

तो टेकूपर्यंत आला. टेकू ओलांडून त्याचा जड पाय माझ्या बाजूच्या अंगावर पडला, आणि किंजळ ओरडला. लाकूड मोडताना ओरडतं, ते ऐकलेल्यालाच कळेल. सोट टेकूवरच फाटला, माझ्याकडचं अंग पाण्यात गेलं, डबा गेला, इरलं गेलं. दादा मात्र उलटा पडला तो टेकूवर. स्वतः रचलेल्या दगडांना त्यानं पोटाशी धरलं होतं. वाडीतली माणसं धावली, सोटाचं उरलेलं अर्धं अंग अजून वाडीकडून जागेवर होतं, त्यावरून दोर टाकून त्याला ओढून घेतलं. मी माझ्या काठावर उभा होतो. जाऊ शकत नव्हतो. मधे तेवढंच पाणी होतं, पण जाऊ शकत नव्हतो.

काठावर बसवल्यावर त्यानं माझ्याकडं बघून हात वर केला. म्हणजे जिवंत आहे. मग दोन हातांनी काहीतरी खुणा केल्या आणि सगळी हसली. त्या खुणांचा अर्थ मला पुढं दसऱ्याच्या सुमारास कळला. तो म्हणत होता, "तुज्या पुस्तकातल्या टेकवानं मोडला नि माज्या टेकवानं वाचवला."

दुपारपर्यंत उरलेलं अंगही वाहून गेलं. त्यानंतर मी एकटा. डोंगरावरून वळसा घालून वाडीत जाता येतं, पण त्या पावसात ती वाट घसरून गेली होती, आणि खरं सांगायचं तर मी गेलोही नसतो. गेलो असतो तर पडवीत ठेवून घेतलं असतं. घरात तांदूळ होता, मीठ होतं, सुकट होती. भात आपलं वाढत होतं. दादा रोज सकाळी समोरच्या काठावर येऊन उभा राहायचा, मी हात वर करायचो, तो हात वर करून लंगडत जायचा. एवढं आमचं बोलणं.

आणि पुस्तक होतं. ते मला वाचता येत नव्हतं. तरी मी ते रोज संध्याकाळी मेणकापडातून काढायचो. अक्षरांच्या रांगा नुसत्या बघायच्या. चित्रं मात्र होती. एका चित्रात पडकी भिंत, भिंतीतून बाहेर आलेला एक वासा आणि वाशाच्या टोकाला आकड्यानं लटकवलेला मोठा धोंडा. भिंतीच्या फटींतून गवत उगवलेलं. ते गवत काढायची त्या चित्रकाराला काही गरज नव्हती, पण त्यानं काढलं होतं. मी त्या गवताकडं फार बघायचो. घरात बसवून ठेवलेला तो म्हातारा, त्याच्या भिंतीवर असंच गवत असेल, असं वाटायचं. मग मी तिघांचं बोलणं आपलंच लावायचो. मोठा धोंडा आधी पडतो, असं मी म्हणायचो. मास्तरांच्या आवाजात उत्तर द्यायचो. पण दोन्ही बाजूनं आपणच बोलायचं तर आडवं जायला मजा येत नाही. बैलांनाही ते कळत असावं, ते मान फिरवायचे.

गणपतीच्या आधी एका दुपारी मास्तर समोरच्या काठावर आले. छत्री, धोतर वर खोचलेलं. ते मोठ्यानं काही बोलले. मी कानाला हात लावला. त्यांनी छातीवर बोट ठेवलं, मग डोंगराकडं, घाटाकडं हात केला. मला वाटलं, ते म्हणतायत, घाटावरून मोठं पाणी येतंय, सांभाळ. मी मान हलवली. मग वाटलं, पुस्तकाचं विचारत असतील. पळत घरात गेलो, पुस्तक आणलं, वर धरून दाखवलं, कोरडं आहे, बघा. त्यांनी हात नको-नको असा हलवला आणि तोच हात छातीला लावला. मीही लावला. ते बराच वेळ उभे राहिले. मला बैलांना पाणी पाजायचं होतं म्हणून मीच आधी वळलो.

व्हाळ उतरला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून मी वाडीत गेलो, पुस्तक डोक्यावर बांधून. आधी शाळेकडं गेलो. कुलूप. दादाच्या ओट्यावर आलो तर वहिनी तांदूळ पाखडत होती.

"मास्तर कुठं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तुमास्नी सांगून गेले ना? काठावर आले व्हते की. बदली झाली त्यांची. दुसऱ्या दिवशी म्हसळ्याहून एस.टी.नं गेले वर." माझ्या डोक्यावरचं गाठोडं बघून ती म्हणाली, "ते तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे म्हनाले. तिथं त्यांना तुमच्यासारका भांडायला कोन मिळनार न्हाय म्हनाले."

मी ओट्यावर बसलो. दादानं पायाला फडकं गुंडाळलं होतं. तो म्हणाला, "आता हितंच ऱ्हा. पुढल्या पावसाचं कुनी बघितलंय."

वहिनी टेकूचं बोलेल असं वाटलं. ती बोलली नाही. पेजेचा वाडगा पुढं ठेवून आत गेली. मी पेज प्यालो आणि दिवस असतानाच माझ्या घरी परत आलो. पुस्तक बायकोच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवलं. अजून तिथंच आहे. आता माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण ते गवताचं चित्र मला न उघडताही दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन माझ्या काठावर गेलो आणि खचल्या जागी खणायला लागलो. वरची माती सगळी भुसभुशीत, चिखल, मुळं. खणत गेलो. खांद्याएवढा खड्डा झाला तेव्हा पहार खणकन वाजली. खाली कातळ होता. आधी खणून बघितलं असतं तर, हा विचार आला तो मी तिथंच सोडला. खड्ड्यातून डोकं वर काढलं. समोर दादा नेहमीसारखा येऊन उभा होता, हात वर करायच्या बेतात. पाणी उतरलेलं, हाक पोचण्यासारखी होती.

मी म्हटलं, "दादा, हितं कातळ लागला. तुज्या काठाचं बी बघायला पायजे. पहार घिऊन ये."